घाईतला हिशेब

तीन वर्षांच्या मुलाला औषध किती द्यायचं? एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या डॉक्टराकडे याचं उत्तर एका ओळीत तयार होतं. मुलाचं वय घ्यायचं, त्या वयात बारा मिळवून येणाऱ्या आकड्याने त्याला भागायचं आणि मोठ्या माणसाच्या डोसाचा तेवढा भाग द्यायचा. तीन भागिले पंधरा, म्हणजे एक पंचमांश. हा नियम थॉमस यंग यांच्या नावाने ओळखला जातो. प्रकाश लहरींसारखा वागतो हे प्रयोगाने दाखवणारे आणि रोझेटा शिळेवरची इजिप्शियन लिपी उलगडण्याच्या खटपटीत असलेले हेच ते यंग. पेशाने ते डॉक्टर होते.

पुढे क्लार्क यांचा नियम आला. त्यात वयाऐवजी वजन धरलं होतं: मुलाच्या वजनाचे पौंड भागिले दीडशे. दीडशे पौंडांचा प्रौढ हा पूर्णांक आणि मूल त्याचा अपूर्णांक. हे दोन्ही नियम आणि त्यांची भावंडं विसाव्या शतकातही कितीतरी वर्षं पाठ्यपुस्तकांत टिकून होती. कागद-पेन्सिल घेऊन शांतपणे बसलेल्या डॉक्टराला ती पुरेशी वाटत. आकडी आलेलं, निळं पडलेलं किंवा नाडी लागत नसलेलं मूल समोर आलं की मात्र हीच गणितं गळ्याशी येत. मुलांच्या तातडीच्या उपचारांतली सुरक्षितता वाढत गेली, त्या इतिहासाचा मोठा भाग हा हिशेब ऐन घाईच्या क्षणातून काढून आधीच करून ठेवण्याचा इतिहास आहे.

त्याआधी मुलांना रुग्णालयात जागा मिळायला हवी होती, आणि तीही सहज मिळाली नाही. केवळ मुलांसाठीचं मोठं रुग्णालय पॅरिसमध्ये १८०२ साली सुरू झालं. लंडनमध्ये त्यासाठी आणखी पन्नास वर्षं जावी लागली. डॉ. चार्ल्स वेस्ट यांच्या खटपटीतून १८५२ च्या फेब्रुवारीत ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरचं रुग्णालय उघडलं, तेव्हा तिथे खाटा होत्या दहा. मुंबईत परळला बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय उभं राहिलं ते १९२९ साली. गिरणगावातल्या चाळींमधली मुलं हगवण, न्यूमोनिया, घटसर्प घेऊन दारात येत होतीच. आता त्यांच्यासाठी वेगळी इमारत झाली. औषधाचं माप मात्र अजून प्रौढाच्या मापाला भागूनच ठरत होतं.

या भागाकारातला दोष १९५९ साली लॉस एंजेलिसमध्ये लख्ख दिसला. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून तिथल्या काउंटी रुग्णालयात क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक दिलं जात होतं. औषध नावाजलेलं होतं आणि विषमज्वरावर तर जादूसारखं चालत होतं. पण ही बाळं तीन-चार दिवसांत फुगलेल्या पोटाची होत, गार पडत, राखेसारखी करडी दिसू लागत आणि दगावत. डॉक्टरांनी बाळांचे गट करून तुलना केली. औषध न मिळालेल्या बाळांत मृत्यूचं प्रमाण वीस टक्क्यांच्या आत होतं, तर क्लोरॅम्फेनिकॉल मिळालेल्यांत ते साठ टक्क्यांवर गेलेलं होतं. नवजात बाळाचं यकृत हे औषध निकामी करायला अजून तयार झालेलं नसतं, म्हणून ते रक्तात साठत जातं. वजनाला धरून केलेला हिशेबही इथे चुकला होता. वैद्यकाच्या इतिहासात ही घटना ‘ग्रे बेबी सिंड्रोम’ म्हणून नोंदली गेली. बालरोगतज्ज्ञांनी तिच्यातून धडा घेतला: प्रत्येक औषधाचं मुलांसाठी वेगळं माप हवं, आणि ते मुलांवरच्या अभ्यासातून यायला हवं.

त्याच दशकात कोपनहेगनमध्ये वेगळ्याच गोष्टीचा हिशेब लागत होता. १९५२ च्या उन्हाळ्यात तिथे पोलिओची भयानक साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेली मुलं आणि तरुण रांगेने दाखल होत होते, आणि लोखंडी फुफ्फुसासारखी श्वास देणारी यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पहिल्या काही आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. ऑगस्टच्या शेवटी भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांना बोलावणं गेलं. त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास द्यायला सुरुवात केली. मुलगी वाचली. मग प्रश्न उरला पिशवी दाबणाऱ्या हातांचा. वैद्यकाच्या सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांना पाळ्या लावून बसवण्यात आलं. साथ ओसरेपर्यंत त्यांनी मिळून सुमारे एक लाख पासष्ट हजार तास पिशव्या दाबल्या. अतिदक्षता विभागाची कल्पना इथून रुजली. केवळ मुलांसाठीचा असा पहिला विभाग १९५५ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात सुरू झाला.

अतिदक्षता विभाग रुग्णालयाच्या आत असतो. मूल त्याआधी येतं ते कॅज्युअल्टीत, आणि कॅज्युअल्टी बरीच वर्षं प्रौढांचीच राहिली. अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकात रुग्णवाहिकांची आणि तातडीच्या उपचारांची सगळी व्यवस्था नव्याने उभी राहिली, तेव्हा आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दोन रुग्ण होते: महामार्गावरच्या अपघातातला जखमी आणि छातीत कळ आलेला मध्यमवयीन पुरुष. कोरिया आणि व्हिएतनामच्या युद्धभूमीवरचा अनुभव हाताशी होता. तोही तरण्याताठ्या सैनिकांचा. त्यामुळे गाडीतला मास्क, श्वासनलिकेत घालायची नळी, रक्तदाबाचा पट्टा, सारं मोठ्या माणसाच्या मापाचं होतं. हवाईमधले बालरोगतज्ज्ञ कॅल्विन सिया यांनी हा मुद्दा लावून धरला आणि सिनेटर डॅनियल इनोये यांनी तो संसदेत नेला. १९८४ साली मुलांच्या तातडीच्या सेवांसाठी वेगळा कायदा आणि वेगळा निधी मंजूर झाला. १९८८ पासून डॉक्टर-नर्सना मुलांच्या पुनरुज्जीवनाचं पद्धतशीर प्रशिक्षण देणारा ‘पॅल्स’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. आज मुंबई-पुण्यातल्या बालरोगाच्या निवासी डॉक्टरांनाही ते नाव चांगलं परिचयाचं आहे.

याच सुमारास नॉर्थ कॅरोलायनात जेम्स ब्रॉसलो नावाचे एक डॉक्टर होते. मूळचे फॅमिली डॉक्टर असलेले ब्रॉसलो नंतर आपत्कालीन विभागात काम करू लागले. गंभीर मूल आलं की इतर डॉक्टरांसारखीच त्यांचीही धावपळ व्हायची. औषध किलोमागे द्यायचं, तर आधी मुलाचं वजन हवं. बेशुद्ध मुलाला काट्यावर उभं करता येत नाही, आणि आईला विचारावं तर तिचे हातपाय कापत असतात. वजन अंदाजाने धरायचं, तोंडी गुणाकार करायचा, मिलिग्रॅमचे मिलिलिटर करायचे, नळीचा आकार आठवायचा, आणि हे सगळं काही सेकंदांत. ब्रॉसलो यांनी एक साधी गोष्ट हेरली. आडव्या झोपलेल्या मुलाची लांबी कधीही मोजता येते, आणि लांबीवरून वजनाचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. मग वजनापर्यंत जायचंच कशाला? लांबीच्या पट्टीवरच औषधं छापून टाकावीत.

त्यांनी घरीच पहिली पट्टी तयार केली. पुढे फ्लोरिडा विद्यापीठातले आपत्कालीन बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट लुटेन त्यांना येऊन मिळाले आणि दोघांनी ऐंशीच्या दशकात ती पट्टी पक्की केली. पट्टीचं लाल टोक मुलाच्या डोक्याशी धरायचं, ती सरळ पसरायची आणि टाच ज्या रंगाच्या पट्ट्यावर येईल तो रंग मोठ्याने सांगायचा. करडा म्हणजे तीन ते पाच किलो. पुढे गुलाबी, लाल, जांभळा, पिवळा, पांढरा, निळा, नारिंगी असं करत हिरव्यापर्यंत जायचं, आणि हिरवा म्हणजे तीस ते छत्तीस किलो. प्रत्येक रंगाच्या चौकोनात औषधांचे डोस, हृदयाला द्यायच्या विजेच्या झटक्याची ताकद आणि नळ्यांचे आकार छापलेले. बऱ्याच रुग्णालयांनी त्याच रंगांचे कप्पे असलेल्या ट्रॉल्या करून घेतल्या. ‘पिवळा’ एवढा शब्द कानावर पडला की नर्स पिवळा कप्पा ओढते. १९८८ साली नऊशेहून जास्त मुलांवर पट्टीची पडताळणी प्रसिद्ध झाली आणि तिचा प्रसार वेगाने झाला.

या पट्टीची गरज खरी कुठे होती, हे ॲड्रेनालिनवरून कळतं. हृदय थांबलेल्या मोठ्या माणसाला एका वेळी एक मिलिग्रॅम ॲड्रेनालिन देतात, आणि आपल्याकडे एका ॲम्प्युलमध्ये नेमकं तेवढंच असतं. म्हणजे प्रौढाच्या बाबतीत कुणी दहापट डोस द्यायला निघालं, तर त्याला दहा ॲम्प्युल फोडाव्या लागतील, आणि तिसऱ्या-चौथ्यालाच शेजारची सिस्टर हात धरेल. नऊ किलोच्या मुलाचा डोस किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम या हिशेबाने ०.०९ मिलिग्रॅम होतो. ॲम्प्युल दहापट पातळ करून घेतली तर सिरिंजमध्ये ०.९ मिली भरायचं. पातळ करायचं राहून गेलं आणि तेच ०.९ मिली सरळ ॲम्प्युलमधून ओढलं, तर दहापट औषध गेलं. त्यासाठी फुटते एकच ॲम्प्युल, सिरिंज एकच आणि ती दिसतेही नेहमीसारखीच. मोठ्यांच्या वॉर्डात अशा चुकीला आपोआप आडवी येणारी जी दहा ॲम्प्युलची भिंत असते, ती मुलांच्या वॉर्डात नसते.

अशा चुका किती होतात हे मोजायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. १९९९ साली अमेरिकेच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने रुग्णालयातल्या चुकांवर अहवाल काढून खळबळ उडवली होती. त्यानंतर दोनच वर्षांत बोस्टनमधल्या संशोधकांनी बालरुग्णांसाठी लिहिलेल्या १०,७७८ औषध-सूचना तपासल्या. त्यांत ६१६ चुका निघाल्या. बहुतेक चुका वेळीच अडवल्या गेल्या होत्या किंवा निरुपद्रवी होत्या, पण इजा होऊ शकली असती अशा चुकांचं प्रमाण प्रौढांच्या सुमारे तिप्पट होतं. कारणं उघड होती: प्रत्येक डोस वजनावर, प्रत्येक वजनावर एक गुणाकार आणि प्रत्येक गुणाकारात एक दशांशचिन्ह.

अमेरिकेत यात आणखी एक भर होती. तिथे वजन मोजतात पौंडांत आणि औषध लिहितात किलोमागे. चाळीस पौंडांचं मूल चाळीस किलोचं म्हणून नोंदलं गेलं की डोस दुपटीहून जास्त होतो. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या ‘जॉइंट कमिशन’ने २००८ साली मुलांच्या औषधचुकांवर खास इशारा काढला आणि वजन किलोतच मोजा, किलोतच लिहा असं बजावलं. भारताने मेट्रिक मापं १९५६ च्या कायद्याने स्वीकारली, त्यामुळे हा एक सापळा आपल्या वाट्याला आला नाही. बाकीचे सगळे आले.

सारख्या दिसणाऱ्या लेबलांनीही असेच घोटाळे केले. इंडियानापोलिसमधल्या एका रुग्णालयात २००६ साली मुदतपूर्व जन्मलेल्या सहा बाळांना रक्त गोठू न देणाऱ्या हिपॅरिनचा हजारपट डोस गेला आणि त्यांतली तीन दगावली. मिलिलिटरमागे १० युनिटची कुपी आणि १०,००० युनिटची कुपी यांची लेबलं निळ्याच छटांची होती. पुढच्याच वर्षी हॉलिवूड अभिनेते डेनिस क्वेड यांच्या नवजात जुळ्यांच्या बाबतीत लॉस एंजेलिसमध्ये हेच घडलं. ती वाचली, आणि क्वेड यांनी नंतर हा विषय संसदेच्या समितीपुढे मांडला. ॲड्रेनालिनच्या लेबलावर ‘एकास हजार’ आणि ‘एकास दहा हजार’ असं लिहिण्याची जुनी रीत अमेरिकेने २०१६ साली बंद केली. आता तिथे मिलिलिटरमागे किती मिलिग्रॅम एवढंच लिहितात.

ब्रॉसलोची पट्टी भारतात आली तेव्हा तिच्यातलाच एक गृहीत धरलेला मुद्दा उघडा पडला. लांबीवरून वजन काढण्याचं तिचं कोष्टक अमेरिकी मुलांवर बेतलेलं होतं. भारतीय मुलांवर केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. दहा किलोपर्यंतच्या बाळांत पट्टी ठीक चालत होती. त्यापुढच्या मुलांचं वजन मात्र ती दहा टक्क्यांहून जास्त फुगवून दाखवत होती. त्याच उंचीचं भारतीय मूल अंगाने बारीक असतं. दहा टक्के कमी करून वाचा, असा उपाय संशोधकांनी सुचवला. म्हणजे ऐन घाईतला जो हिशेब काढून टाकला होता, तो मागच्या दाराने परत आला.

आपल्याकडच्या डॉक्टरांची भिस्त पट्टीपेक्षा पाठांतरावर जास्त राहिली आहे. एक ते सहा वर्षांचं मूल असेल तर वयाची दुप्पट अधिक आठ, हे वीच यांचं सूत्र एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. चार वर्षांचं मूल म्हणजे सोळा किलो. मेळघाटातलं किंवा नंदुरबारच्या धडगावातलं चार वर्षांचं कुपोषित मूल बारा किलोचंही असू शकतं. सूत्रावर विसंबलेल्या डॉक्टराचा डोस मग एक तृतीयांशाने जास्त होतो, तोही ज्याचं शरीर सगळ्यांत कमी सोसू शकतं अशा मुलाच्या वाट्याला.

औषधांच्या खालोखाल हिशेब चुकतो तो सलाईनचा. या हिशेबातून पहिली मोठी सुटका भारतातच झाली. १९७१ साली बांगलादेश मुक्तियुद्धातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. रुग्णालयात जमिनीवर उलटी-जुलाबात पडलेली माणसं, त्यांत असंख्य मुलं, आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी तोंडाने पाजायचं ठरवलं. साखर असली की आतडं मीठ आणि पाणी शोषून घेतं, हे प्रयोगशाळेत माहीत झालेलं होतं. पण साथीच्या धामधुमीत नातेवाइकांच्या हातून ते पाजून घेण्याची हिंमत कुणी केली नव्हती. कोलकात्यातल्या संशोधन केंद्राच्या वाचनालयाच्या खोलीत ग्लुकोज, मीठ आणि सोडा तोलून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरले गेले आणि गरम इस्त्रीने पिशव्यांची तोंडं बंद केली गेली. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. महालनबीस यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या आत आलं. या उपायात सुई नव्हती, थेंबांचा वेग मोजणं नव्हतं. किती प्यायचं ते बऱ्याच अंशी मुलाची तहानच ठरवत होती.

शिरेतून द्यायच्या सलाईनचा हिशेब १९५७ सालापासून ठरलेला होता. हॉलिडे आणि सेगर या दोन अमेरिकी डॉक्टरांचं सूत्र असं: पहिल्या दहा किलोंना किलोमागे शंभर मिली, पुढच्या दहांना पन्नास, त्यापुढे वीस. पाण्याचं हे माप अजूनही वापरात आहे. पण त्या पाण्यात मीठ किती असावं याचं त्यांचं गणित निरोगी बाळाच्या दुधावरून काढलेलं होतं. आजारी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेली मुलं शरीरात पाणी धरून ठेवतात. अशा मुलांना कमी मिठाचं सलाईन लावलं की रक्तातलं सोडियम उतरतं आणि मेंदूला सूज येते. ब्रिटनने २००७ साली सर्वांत कमी मिठाचं सलाईन मुलांच्या वॉर्डांतून हटवायला सांगितलं. उत्तर आयर्लंडमध्ये अशा मृत्यूंची न्यायालयीन चौकशी २००४ साली नेमली गेली, आणि तिचा अहवाल यायला २०१८ उजाडलं. भारतातही मुलांच्या वॉर्डात कमी मिठाची तयार बाटली वर्षानुवर्षं सवयीने टांगली जात होती.

सवयीवरचा सगळ्यांत मोठा घाव आफ्रिकेत बसला. शॉकमध्ये असलेल्या मुलाला भराभर सलाईन द्यायचं, हा तातडीच्या उपचारांतला जवळजवळ धर्मच होता. कॅथरिन मेटलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या सहा रुग्णालयांत ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या ३,१४१ मुलांवर याची रीतसर परीक्षा घेतली. काहींना वेगाने सलाईन किंवा अल्ब्युमिन दिलं, काहींना फक्त रोजच्या गरजेपुरतं. वेगाने द्रव मिळालेल्या मुलांत ४८ तासांतले मृत्यू साडेदहा टक्क्यांच्या आसपास होते, न मिळालेल्यांत ७.३ टक्के. चाचणी मधेच थांबवावी लागली. २०११ साली निकाल छापून आला तेव्हा जगभरच्या डॉक्टरांना तो पटवून घ्यायला जड गेलं. कृत्रिम श्वासाची सोय नसलेल्या रुग्णालयांत तर त्याला वळसा घालणं शक्यच नव्हतं.

असा सवयीविरुद्धचा एक झगडा कोकणात त्याआधीच झाला होता. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली मुलं तिथे यायची. दंशानंतर काही वेळात दरदरून घाम, उलट्या, तोंडाला लाळ, बर्फासारखे हातपाय, आणि मग फुफ्फुसांत पाणी भरून फेसाळ श्वास. गंभीर रुग्णांपैकी तीसेक टक्के दगावत. त्या काळच्या पुस्तकी उपचारांत स्टेरॉईड होती, ॲलर्जीची इंजेक्शनं होती, ॲट्रोपिन होतं. यांतल्या बऱ्याच औषधांनी काही साधत नव्हतं आणि ॲट्रोपिनने तर अपाय होत होता. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम टिपला. विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हा धागा पकडून त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिनची गोळी वापरून पाहिली. ‘लॅन्सेट’मध्ये १९८६ साली त्यांचा निबंध आला. मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली गेलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या उपचाराची रीत खेड्यातल्या केंद्रासाठीच घडलेली आहे. मुलांना किलोमागे ३० मायक्रोग्रॅम तोंडाने द्यायचं, दर तीन तासांनी पुन्हा द्यायचं आणि हातपाय गरम लागले की थांबायचं. डोस पुरेसा झाला की नाही, हे रुग्णाच्या पायावर तळवा टेकवून समजतं. धोका एकच: रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून गोळी दिल्यावर मुलाला कडेवर उचलायचं नाही, आडवंच ठेवायचं. कळवळलेल्या आईला हे पटवणं हाही त्या उपचाराचाच भाग.

मलावीतल्या ब्लँटायरमध्ये क्वीन एलिझाबेथ रुग्णालयाने डोसाला हात न लावता मृत्यू कमी केले. तिथे मुलांची ओपीडी म्हणजे न संपणारी रांग होती, आणि अत्यवस्थ मूल त्या रांगेतच आईच्या पाठीवर बसून नंबराची वाट पाहायचं. २००१ च्या सुमारास बालरोगतज्ज्ञ एलिझाबेथ मॉलिनो आणि सहकाऱ्यांनी रांगच बदलली. दारातच एक कर्मचारी प्रत्येक मुलाकडे बघतो: श्वास घेतंय का, हातपाय गार आहेत का, शुद्धीवर आहे का, आकडी येतेय का. यांत धोक्याचं एक जरी चिन्ह दिसलं तरी मूल थेट तातडीच्या खोलीत. आधी दाखल मुलांतला मृत्युदर दहा ते अठरा टक्क्यांच्या दरम्यान असायचा, तो सहा ते आठवर आला. जागतिक आरोग्य संघटनेने हीच पद्धत २००५ साली ‘ईटॅट’ नावाने जगभर नेली, आणि भारताने २००९ पासून जिल्हा रुग्णालयांच्या प्रशिक्षणात तिचा समावेश केला.

श्रीमंत देशांची तयारीही फार पुढे होती असं नाही. अमेरिकेत २००६ साली असं आढळलं की मुलांच्या तातडीच्या उपचारांना लागणारं सगळं साहित्य फक्त सहा टक्के आपत्कालीन विभागांत होतं, आणि तिथे येणारा जवळजवळ दर चौथा रुग्ण मूल होता. पुढे अशा विभागांच्या तयारीला गुण देण्याची पद्धत आली. लहान मापाच्या नळ्या आहेत का, वजन फक्त किलोतच नोंदलं जातं का, मुलांच्या सोयींसाठी एक डॉक्टर आणि एक नर्स नावानिशी जबाबदार आहे का, असे प्रश्न त्यात असतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सगळ्यांत कमी गुणांच्या रुग्णालयांत अत्यवस्थ मुलांचा मृत्युदर ११.१ टक्के निघाला आणि सगळ्यांत जास्त गुणांच्या रुग्णालयांत ३.४.

महाराष्ट्रात गेल्या वीस वर्षांत मुलांपर्यंत उपचार पोहोचवायचं काम झपाट्याने झालं. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. नवजात अर्भकांसाठी जिल्हा पातळीवरचा विशेष कक्ष ही कल्पना पश्चिम बंगालच्या पुरुलियात २००३ साली आकाराला आली होती. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ती देशभर गेली आणि महाराष्ट्रातल्या जिल्हा रुग्णालयांतही असे कक्ष झाले. पूर्वी नागपूर किंवा औरंगाबादच्या वाटेवर गाडीतच दगावणारी दीड किलोची बाळं जिल्ह्याच्या गावी वाचू लागली. कक्ष भरले, बाळांना ऊब देणारे वॉर्मर चोवीस तास चालू राहू लागले, प्राणवायूच्या नळ्या भिंतीभर पसरल्या.

नऊ जानेवारी २०२१ च्या पहाटे दोनच्या सुमारास भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या अशाच कक्षाला आग लागली. कक्षात सतरा बाळं होती. शेजारच्या भागातली सात बाळं बाहेर काढता आली. दहा दगावली: तीन भाजून, सात धुरात गुदमरून. चौकशीअंती जिल्हा शल्यचिकित्सकांसह काही जणांवर निलंबनाची आणि बडतर्फीची कारवाई झाली, आणि राज्यातल्या सगळ्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आग लागून अकरा प्रौढ कोविड रुग्ण गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नवजात कक्षातल्या आगीत त्या रात्री दहा बाळांचा मृत्यू झाला.

प्रौढांच्या वॉर्डात धूर झाला तर चालू शकणारे निम्मे रुग्ण स्वतःच्या पायांनी बाहेर पडतात. नवजात कक्षातलं एकही बाळ चालू शकत नाही. प्रत्येकाला नळीतून, वॉर्मरवरून सोडवून कुणीतरी उचलूनच न्यावं लागतं. तिथल्या हवेतल्या जास्तीच्या प्राणवायूमुळे वस्तू लवकर पेट घेतात आणि खोली जंतुसंसर्गाच्या भीतीने बंद ठेवलेली असते. अशा कक्षाचा आराखडा करताना आता वॉर्मर किती बसतील याच्या जोडीला आणखी काही आकडे मांडावे लागतात. रात्रपाळीला किती परिचारिका आहेत, एकीला एका खेपेत किती बाळं नेता येतील, दुसरं दार कुठे आहे आणि त्याची किल्ली कुणाकडे असते.